बायकांच्या ऑल-माउंटन स्की (मध्यम पातळी): डेमोत नेमकं काय आणि कसं तपासायचं?

हिमकळी

ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या बर्फावर चालणाऱ्या स्की घ्यायच्या आहेत. विकत घेण्याआधी डेमोत, म्हणजे चाचणीसाठी मिळणाऱ्या स्कींतून, चार-पाच जोड्या चालवून बघायच्या आहेत. उत्तरं नेमकी मिळावीत म्हणून सगळे आकडे आधीच देते.

उंची १६३ सेंमी, वजन ६२ किलो, वय ३८. बूट स्वतःचे, पायाला बसवून घेतलेले, माप २५.५, सोलची लांबी २९७ मिमी, सोल ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित वक्र). निळ्या आणि लाल उतारांवर (युरोपातली रंगपद्धत: निळा सोपा, लाल मध्यम) समांतर वळणं जमतात. हलक्या उतारावर थोडं कार्व्हिंग (न घसरता धारेवर घेतलेलं वळण) जमतं, उतार वाढला की टेल, म्हणजे स्कीचं मागचं टोक, घसरते. दुपारनंतर बर्फाचे ढीग साचले की त्रास होतो. साधारण सत्तर टक्के वेळ मशीनने सारखा केलेला बर्फ, बाकी कडेचा मऊ किंवा तुडवलेला.

डोळ्यासमोर आहेत त्या: ब्लिझार्ड ब्लॅक पर्ल ८८, नॉर्डिका सांता आना ९३, हेड कोर ९१ डब्ल्यू, एलान रिपस्टिक ८८ डब्ल्यू.

प्रश्न असे: लांबी १५८ च्या आसपास की १६५? धातूचा पत्रा असलेली की नसलेली? आणि मुख्य म्हणजे दोन-तीन फेऱ्यांत स्की कशी पारखायची?

धारकाम

मॉडेलच्या आधी ट्यून, म्हणजे धार, तळ आणि मेण यांची अवस्था, बघा. डेमोतली स्की रोज नव्या पायांखाली जाते, कुठे दगडावर घासते, आणि संध्याकाळी तिला मेण लागतं, पण धार लागेलच असं नाही. एकच मॉडेल एकीला 'लोण्यासारखं' वाटतं नि दुसरीला 'आडमुठं', यामागे बहुतेक वेळा ट्यूनचा फरक असतो. म्हणून स्की हातात घेतल्यावर दोन मिनिटं खर्च करा.

नखाची कसोटी: नखाची पाठ धारेवर काटकोनात, हलक्या हाताने ओढा. पांढरा भुगा निघाला तर धार आहे. दोन्ही स्कींच्या दोन्ही कडांवर पाच-सहा ठिकाणी करून बघा, बुटाखालच्या भागात तर नक्कीच, कारण कडक बर्फावर सगळा भार तिथे येतो. नख नुसतं घसरलं तर धार बोथट आहे. नख अडकलं, खरवडलं, तर तिथे बर आहे, म्हणजे दगडाला लागून पोलादाचं कुसळ उभं राहिलंय. बोट धारेच्या लांबीने कधी फिरवू नका, बर कापतो.

बेस (स्कीचा तळ) सपाट आहे का: सरळ धातूची पट्टी बेसवर आडवी ठेवा आणि स्की उजेडाकडे धरा. पट्टी दोन्ही कडांना टेकली आणि मधून उजेड आला तर बेस खोलगट आहे. अशी स्की सरळ जाताना डावी-उजवीकडे ओढते, वळणात एकदम पकडते आणि सुटायला तयार नसते. पट्टी मध्ये टेकली आणि कडांखाली उजेड दिसला तर बेस फुगीर. ती पायाखाली गरगरते, कडक बर्फावर धार लागायलाच उशीर करते. मध्यम पातळीच्या स्कीअरला पहिला दोष जास्त घाबरवतो, आणि ती 'ही स्की माझ्यासाठी फार ताठ आहे' असा निष्कर्ष काढते. स्कीचा त्यात काही संबंध नसतो.

धारेचे कोन: ऑल-माउंटन स्कीला बेसच्या बाजूने १ अंश आणि साइडच्या बाजूने २ अंश हे सर्रास चालतं. बेसचा कोन घासून घासून २ अंशांवर गेला असेल तर स्की बरीच कलवल्याशिवाय पोलाद बर्फाला लागतच नाही. कोन डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ट्यून करणाऱ्याला सरळ विचारा: शेवटची धार कधी लावली आणि कोणत्या कोनात?

मेण: बेसवर, विशेषतः धारेलगत बुटाखाली, पांढुरके कोरडे पट्टे दिसले तर मेण उडालंय. सपाटीवर स्की अडखळेल आणि वळण जड वाटेल.

यातलं काहीही खटकलं तर ती जोडी परत देऊन दुसरी मागा. संकोच करायचं कारण नाही.

निळी_वाट

धारकाम यांच्याशी पूर्ण सहमत. लांबीबद्दल लिहिते.

उंचीवरून लांबी ठरवायची सवय मोडायला हवी. स्की वाकते ती वजनाने आणि वेगाने, उंचीने नाही. हनुवटीपर्यंत, नाकापर्यंत, कपाळापर्यंत हे ढोबळ अंदाज आहेत. मध्यम पातळीला डोळे ते कपाळ यांच्या दरम्यान, म्हणजे १६३ सेंमी उंचीला साधारण १५३ ते १६०. पण ऑल-माउंटन स्कीत टिपेला, म्हणजे पुढच्या टोकाला, रॉकर असतो, काहींत टेललाही. रॉकर म्हणजे टिपेचा भाग आधीपासूनच वर उचललेला. स्की सपाट असताना तेवढी धार हवेत राहते. त्यामुळे १६५ छापलेली रॉकरवाली स्की वळणात जुन्या पद्धतीच्या पूर्ण कॅम्बर (मध्ये कमानीसारखी उचललेली) स्कीपेक्षा बरीच आखूड भासते.

दोन स्कींचे बेस एकमेकांना लावून हातात धरा आणि बुटाच्या जागी दाबा. टिपेकडे त्या कुठे सुटतात ते बघा. सुटण्याची जागा टोकापासून जितकी मागे, तितका रॉकर जास्त. टिपेला लांब आणि टेललाही थोडा रॉकर असेल तर मोठं माप घ्यायला हरकत नाही. टेल सपाट आणि ताठ असेल तर लहान.

आणखी एक गोष्ट: छापील लांबी सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजत नाहीत. कोणी टोकापासून टोकापर्यंत सरळ मोजतं, कोणी बेसच्या वळणावरून. एक-दोन सेंमीचा फरक त्यातच पडतो. दोन ब्रँडच्या १५८ आणि १६० शेजारी उभ्या केल्या तर कधीकधी सारख्याच भरतात.

तुमच्या आकड्यांना १५८ पासून सुरुवात करा, पण जी स्की सगळ्यांत आवडेल तिचं पुढचं माप चालवल्याशिवाय निर्णय घेऊ नका. लहान मापावर वेग वाढताना टिप फडफडली, किंवा ढिगात पुढे तोल गेल्यासारखा वाटला, तर मोठं माप. मोठ्या मापावर प्रत्येक वळणात टेल ढकलावी लागली, तर लहान.

तिरपी_रेघ

रुंदीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. सत्तर टक्के वेळ सारख्या केलेल्या बर्फावर जाणार असेल तर ९३ मिमी कंबर (स्कीची मधली रुंदी, मॉडेलच्या नावातला आकडा) कशाला? ८० ते ८८ हीच जागा.

कारण सांगते. अल्पाइन बुटाचा सोल पुढे-मागे साधारण ६९ मिमी रुंद असतो. स्कीची कंबर ८८ असेल तर धार पायाच्या मध्यापासून ४४ मिमीवर असते, ९८ असेल तर ४९ मिमीवर. कडक बर्फावर स्की कलती ठेवायला पायाला एक तरफ सांभाळावी लागते, आणि धार पायाच्या मध्यापासून जितकी दूर तितकी तरफ मोठी. पाच मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण दुपारी तीन वाजता मांडीच्या आतल्या स्नायूंना आणि गुडघ्याला ते कळतात. शिवाय रुंद स्की एका धारेवरून दुसऱ्या धारेवर जायला उशीर करते, आणि कार्व्हिंग शिकताना नेमकं हेच नको असतं.

उतारमापे

तिरपी_रेघ, तरफेचा मुद्दा बरोबर, पण निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. हिमकळी यांची खरी अडचण काय आहे? दुपारचे ढीग. तिथे ७८-८० च्या टोकदार कार्व्हिंग स्कीची टिप ढिगात घुसते आणि अडकते. ८८ ते ९३ मध्ये रुंद, उचललेली टिप ढिगावर चढते. रुंदीपेक्षा टिपेचा आकार आणि रॉकर इथे जास्त कामाचा, हे मान्य. त्यामुळे ९६ च्या पुढे जाऊ नका एवढंच म्हणेन. ८८ आणि ९३ दोन्ही चालवा.

साइडकटबद्दल, म्हणजे स्कीच्या कडांना असलेल्या बाकाबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्कीवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ १२८-८८-११०: टिप, कंबर, टेल. शेजारी रेडियस, म्हणजे त्या बाकाची त्रिज्या, समजा १४ मी. टिप-टेल आणि कंबर यांतला फरक जितका मोठा तितका रेडियस लहान. हा रेडियस त्या लांबीपुरताच खरा असतो. त्याच मॉडेलच्या मोठ्या मापात तो एखाद्या मीटरने वाढतो. आणि १४ मी. म्हणजे तुमचं वळण १४ मीटरचंच होईल असं नाही. निव्वळ कार्व्ह केलेल्या वळणाची त्रिज्या ढोबळमानाने रेडियस गुणिले कलण्याच्या कोनाचा कोसाइन. ४५ अंश कलवली तर १४ ची सुमारे १० होते, ६० अंशांना ७. मध्यम पातळीचा स्कीअर एवढा कललेला नसतो, म्हणून त्याला १६-१७ मी. ची स्की 'वळतच नाही' असं वाटतं. १३ ते १५ मी. बघा.

गाठ_पक्की

बाइंडिंगवर (बूट स्कीला धरणारं आणि पडल्यावर सोडणारं यंत्र) कोणी लिहिण्याआधी ढिगात पोचू नका, कृपया. गुडघ्याचा प्रश्न आहे.

डेमोत बाइंडिंग रुळावर सरकतं आणि प्रत्येक ग्राहकासाठी बदललं जातं, म्हणून चूक होण्याची जागा तिथेच जास्त. सुटण्याचं माप, ज्याला सगळे डिन म्हणतात, आयएसओ ११०८८ च्या तक्त्यावरून ठरतं. त्यात लागतात: वजन, उंची, वय, सोलची लांबी मिमीमध्ये आणि स्कीअरचा प्रकार. प्रकार १ सावध, २ मध्यम, ३ आक्रमक. वजन आणि उंची तक्त्यात वेगळ्या ओळींवर आल्या तर दोन्हींतली कमी मापाची ओळ घेतात. वयाची पन्नाशी गाठली की आणखी एक ओळ कमी.

हिमकळी, तुमचं वजन आणि उंची एकाच ओळीत बसतात. प्रकार २ सांगा. कपडे, पाठपिशवी यांची भर घालू नका, आणि लाजून वजन कमीही सांगू नका. वजन कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी निसटते. उगीच 'मी जोरात चालवते' म्हणून प्रकार ३ सांगितलात तर पडल्यावर ती सुटत नाही.

सोलची लांबी बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. २५.५ हे पायाचं माप आहे, ते सांगून उपयोग नाही. २९७ सांगा.

आता स्वतः बघायच्या गोष्टी. चारही ठिकाणी, म्हणजे दोन टो (बाइंडिंगचा पुढचा भाग) आणि दोन हील (मागचा भाग), खिडकीतला आकडा वाचा. डावी-उजवी सारखी हवी. बूट बसल्यावर हीलमागची फॉरवर्ड प्रेशरची (हील बुटाला पुढे किती दाबते त्याची) खूण आपल्या पट्ट्यात आहे का ते बघा. बूट बसतो, 'टक्' आवाजही येतो, पण ही खूण बाहेर असेल तर सुटण्याचं माप खोटं आहे. ही सगळ्यांत जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट. तुमचा सोल ग्रिपवॉक, म्हणजे आयएसओ २३२२३. जुनी काही बाइंडिंग फक्त सपाट अल्पाइन सोलसाठी, म्हणजे आयएसओ ५३५५ साठी असतात. टो-पीसवर ग्रिपवॉकची खूण शोधा. नसेल तर ती जोडी सोडा, मॉडेल कितीही आवडतं असो.

स्की एकदा निसटली म्हणून आकडा स्वतः वाढवू नका. आधी सोलखाली गोठलेला बर्फ आहे का ते बघा. बुटाखाली बर्फाचा थर असला की हील नीट बंदच होत नाही. काठीच्या टोकाने खरवडा, टो-पीसच्या कडेला सोल घासा, मग पाय घाला.

हिमकळी

खूप उपयोगी. फॉरवर्ड प्रेशर ही भानगडच माहीत नव्हती. एक शंका: डेमो बाइंडिंग जड असतं म्हणतात. मग स्की खरी असते त्यापेक्षा जड वाटणार ना?

गाठ_पक्की

हो, आणि थोडी उंचही. रुळामुळे बूट काही मिलिमीटर वर जातो. पण सगळ्या जोड्यांवर डेमो बाइंडिंगच असेल तर तुलना बिघडत नाही. दोन जोड्यांवर वेगळ्या जातीची बाइंडिंग असतील तर 'ही हलकी, ती जड' हे मत वहीत लिहू नका.

रुळाचा एक फायदाही आहे. स्कीवर बूट कुठे असावा याची रेघ कंपनी देते, आणि बुटाच्या सोलची मधली रेघ तिच्याशी जुळवतात. डेमोत ती जुळलीय का हे बघाच, कारण घाईत टो एका मापावर नि हील दुसऱ्या मापावर बसवलं की बूट एक-दीड सेंमी मागे जातो. मागे गेलेली स्की वळणात यायला टाळाटाळ करते. रेघेवर आवडली पण टिप जड वाटली, तर १ सेंमी पुढे करून एक फेरी मारा. वळण लवकर सुरू होईल, मऊ बर्फात टिप जरा बुडेल. २ सेंमीच्या पुढे जाऊ नका, टेल लांब होऊन अडकायला लागते.

लाल_उतार

आता मुख्य प्रश्न, पारखायचं कसं. पहिला नियम असा की बूट तेच, उतार तोच, क्रम तोच. फक्त स्की बदला. पहिली फेरी मोजू नका, ती पायाला सवय होण्यासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत खालच्या गोष्टी करा.

सरळ घसरत जा. हलका उतार, दोन्ही स्की सपाट, गुडघे सैल. स्की शांत राहते की इकडेतिकडे ओढते? ओढत असेल तर थांबा, धारकाम यांची पट्टी आठवा.

साइडस्लिप. उताराला आडवं उभं राहून घोटा हळूहळू सैल करा, वीसेक फूट घसरा, पुन्हा धार लावून थांबा. दोन्ही बाजूंनी. सुटणं आणि पकडणं दोन्ही क्रमाक्रमाने व्हायला हवं. 'काहीच नाही, काहीच नाही, एकदम पकडली' असं होत असेल तर ती स्की किंवा तिची ट्यून तुम्हाला उतारावर दमवणार. मध्यम पातळीसाठी या एका चाचणीत जेवढं कळतं तेवढं बाकी कशात कळत नाही, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

मग मध्यम आकाराची, नेहमीची आठ-दहा वळणं. लक्ष वळणाच्या सुरुवातीवर ठेवा: भार पुढे दिल्यावर टिप आत येते का, की टेल ढकलावी लागते? आणि शेवटावर: टेल सुटते का, की धरून ठेवते?

हलक्या उतारावर नुसती स्की कलवून वळणं. पाय फिरवायचे नाहीत. थांबून मागे बघा. बर्फात दोन बारीक, स्वच्छ रेघा उमटल्या असतील तर स्की कार्व्ह होतेय. रेघा जिथे पसरट होतात तिथे धार सुटली. सुरुवातीला पसरट असेल तर बहुधा तंत्र, बुटाखाली मध्येच पसरट असेल तर बहुधा बोथट धार, शेवटी पसरट असेल तर टेल मऊ आहे किंवा भार मागे गेलाय.

ग्रूमिंग मशीनच्या एका पट्ट्याच्या रुंदीत छोटी वळणं. इथे वजन आणि रुंदी कळते. दहा वळणांनंतर मांड्या बोलायला लागतात.

वेगाने लांब वळणं, पण ओळखीच्या, मोकळ्या उतारावरच. टिपेकडे बघू नका, तळपायाला काय कळतं ते बघा. रॉकरवाल्या स्कीची टिप वर थरथरतेच, त्याने बिघडत नाही. बुटाखाली थरथर आली तर मात्र लिहून ठेवा.

शेवटी कडेचा तुडवलेला बर्फ आणि ढीग. मुद्दाम ढिगातून जा. स्की फोडून जाते, वर चढून जाते, की बाजूला फेकली जाते? हलक्या स्की फेकल्या जातात, जड स्की फोडतात पण दमवतात.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात: सकाळी नऊला कडक पट्ट्यांवर चालवलेली स्की आणि दुपारी दोनला मऊ ढिगांत चालवलेली स्की यांची तुलना होत नाही. बर्फ बदलला, पाय दमले. म्हणून दोन-दोनच्या जोडीने, एका तासाच्या आत तुलना करा, आणि शेवटी सकाळची पहिली स्की पुन्हा एकदा चालवा. पहिल्या स्कीला नेहमी कमी गुण मिळतात, कारण तेव्हा पाय गरम झालेले नसतात.

हिमकळी

पण माझं कार्व्हिंगच कच्चं आहे. मग माझ्या चाचणीला अर्थ आहे का? जाणकारांची मतं वाचून घेणं बरं नाही का?

लाल_उतार

अर्थ आहे, उलट जास्तच आहे. जाणकार परीक्षक जोरात वाकवून चालवतात. त्यांना जी स्की 'जिवंत' वाटते ती तुमच्या वेगाला वाकतच नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. तुम्ही जसं चालवता तसंच चालवा. घसरत घेतलेल्या वळणातही टेलचं सुटणं, धारेचं पकडणं, ढिगातलं वागणं सगळं कळतं. परीक्षण वाचताना परीक्षकाचं वजन आणि पातळी आधी बघा. ती दिली नसेल तर मताचा उपयोग थोडाच.

एक काळजी घ्या. दर फेरीला नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आहे का ते तपासा. भार मागे असेल तर प्रत्येक स्की लांब, ताठ आणि हट्टी वाटते.

उतारमापे

धातूबद्दल. टायटॅनल म्हणजे ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू. नावावरून टायटॅनियम वाटतं, तसं नाही. लाकडी गाभ्याच्या वर किंवा वर-खाली अर्ध्या मिमीच्या आसपास जाडीचा पत्रा असतो. काम दोन: थरथर शोषणं आणि स्कीला पीळ पडू न देणं. पीळ पडला नाही की टिप-टेलची धार कडक बर्फावर टिकते. किंमत म्हणजे वजन, आणि चुकीला क्षमा कमी.

पण 'धातू आहे / नाही' असा दोनच कप्प्यांत विचार जुना झाला. पूर्ण रुंदीचे दोन पत्रे ही एक गोष्ट, टिपेकडे निमुळता केलेला एक पत्रा ही अगदी वेगळी. ६२ किलो आणि मध्यम पातळीला पूर्ण दोन पत्रे टाळा. आकार दिलेला एक पत्रा चालेल, आणि दुपारच्या ढिगांत तो बरा वाटण्याची शक्यता जास्त.

निळी_वाट

यादीतल्या चौघींच्या बांधणीवर थोडक्यात.

सांता आना: एका टायटॅनल पत्र्याची रचना, आणि पत्र्याचा आकार स्कीच्या रुंदीप्रमाणे बदलतो. अरुंद मॉडेलमध्ये धातू जास्त, रुंदमध्ये कमी. चौघींत ही शांत आणि भारदस्त वाटणारी.

कोर: धातू नाही, कारुबासारखं हलकं लाकूड, कार्बन, ग्राफीन. वजनाला फार हलकी पण मऊ नाही. हलकी म्हणजे सोपी असं समजून लोक फसतात. छोट्या वळणात सुखद, गोठलेल्या ढेकळांवर मात्र तळपायाला सगळं कळवते.

रिपस्टिक: धातू नाही, लाकडी गाभ्यात कार्बनच्या नळ्या. हिच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका: डावी आणि उजवी ठरलेली असते. आतल्या धारेला कॅम्बर, बाहेरच्या धारेला रॉकर, अशी रचना. स्कीवर डावी-उजवी लिहिलेलं असतं. उलट घातली तर धार लागणार नाही आणि स्की उगीच बदनाम होईल.

ब्लॅक पर्ल: गाभ्यात कमी-जास्त घनतेच्या लाकडाच्या पट्ट्या, प्रत्येक लांबीसाठी वेगळ्या मांडलेल्या, त्यामुळे लहान माप उगीच ताठ लागत नाही. धातूचं प्रमाण आणि आकार पिढीगणिक बदलत आलाय. डेमोत जुनी-नवी दोन्ही असू शकतात, म्हणून कोणत्या हंगामाची ते विचारून लिहून घ्या. नाव तेच, स्की वेगळी.

तिरपी_रेघ

'बायकांची' स्की या शब्दावरही बोलायला हवं. काही मॉडेल खरोखर वेगळी असतात: हलका किंवा मऊ गाभा, रेघ थोडी पुढे, लहान मापं. काही मात्र पुरुषांच्या मॉडेलचीच बांधणी, फक्त रंग आणि मापं वेगळी. दोन्हींत वाईट काही नाही, पण कोणती कशी आहे ते विचारा. उंच, वजनदार, जोरात चालवणाऱ्या स्त्रीला मऊ केलेली स्की पुरत नाही. लहान चणीच्या पुरुषाला १५८ ची 'बायकांची' स्की उत्तम चालते. स्कीला वजन आणि वेग कळतो, बाकी काही नाही.

आणि उतारमापे, ८८ वि. ९३ वर मी अजूनही ८८ च म्हणेन. ९३ ला हो म्हणण्याआधी सकाळच्या कडक बर्फावर छोट्या वळणांची फेरी करा.

उतारमापे

त्याला हरकत नाही. त्या फेरीत ९३ नापास झाली तर प्रश्नच मिटला.

लाल_उतार

नोंदीबद्दल राहिलं. लिफ्टमध्येच लिहा, संध्याकाळी सगळं मिसळतं. मॉडेल, हंगाम, लांबी, बर्फ, वेळ, ट्यूनची अवस्था. मग पाच गोष्टींना १ ते ५ गुण: वळणाची सुरुवात, कडक बर्फावर पकड, टेल सुटणं, ढीग, दमणूक. 'मजा आली का' हा सहावा रकाना ठेवा, तो बेरजेत धरू नका पण बरोबरी झाली तर वापरा. रंग आणि चित्र आवडलं असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा, म्हणजे ते गुणांमध्ये चोरपावलांनी शिरणार नाही.

गाठ_पक्की

निवड झाल्यावरचं थोडं. ब्रेकची रुंदी कंबरेइतकी किंवा १०-१५ मिमीपर्यंत जास्त. कमी असेल तर ब्रेकचे हात धारेवर बसतात, फार जास्त असेल तर कललेल्या वळणात बर्फाला घासतात. स्कीत धातूचा पत्रा असेल तर भोकासाठी ४.१ मिमीचं ड्रिल, नसेल तर साधारण ३.५ चं, खोली ९ मिमी. स्कीच्या पाठीवर बहुधा छापलेलं असतं. धातूच्या स्कीत लहान ड्रिल वापरलं तर स्क्रू आवळताना पत्रा वर उचलला जातो. डेमोतली वापरलेली जोडी घेत असाल तर तिचा रूळ तसाच ठेवणं सोपं. काढून नवं बाइंडिंग लावायचं असेल तर नवी भोकं जुन्यांपासून किमान १ सेंमी दूर पडताहेत का, ते कागदी साच्यावर आधी बघा.

हिमकळी

सगळ्यांचे आभार. १५८ ची ८८, १५८ ची ९३, आणि जिला जास्त गुण पडतील तिचं मोठं माप, असा क्रम ठरवते. एक शेवटचं: डाव्या वळणात स्की छान येते आणि उजव्या वळणात अचानक पकडते, असं झालं तर दोष स्कीचा की माझा, हे तिथल्या तिथे कसं ओळखायचं?

धारकाम

स्की अदलाबदल करा: डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. बुटाचा सोल दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे बाइंडिंगला हात लावावा लागत नाही. रिपस्टिकवर मात्र हे करू नका, कारण वर आलंच आहे. तोच उतार पुन्हा उतरा. उजव्या वळणात बाहेरची स्की डावी असते, तिच्या आतल्या धारेवर भार येतो. अदलाबदलीनंतर ती धार पायाच्या बाहेरच्या बाजूला जाते, म्हणून उजव्या वळणातलं पकडणं गेलं किंवा बरंच कमी झालं तर त्या स्कीच्या धारेत बर आहे किंवा कडा उंच झालीय. ते पूर्वीसारखंच राहिलं तर कारण पायात किंवा बुटात: बहुतेक वेळा एका बाजूचा बकल सैल असतो किंवा त्या वळणात भार मागे जातो. गुडघा आत झुकत असेल तर बुटाचा कँट, म्हणजे बाजूला असलेला कल, तपासावा लागतो, ते काम डेमोच्या दिवशीचं नाही.

बर निघाला तर रबरी गमी स्टोन ४५ अंशांत धरून धारेवरून हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. पकडणं टिपेकडे जाणवत असेल तर बर्फाला टेकण्याच्या जागेच्या पुढच्या भागात जरा जास्त. बुटाखाली फक्त बर काढा, तिथली धार बोथट करू नका.